आधी कुठला जॉब लावू?

सकाळी सव्वाआठला शॉपमध्ये पाऊल टाकलं की व्हीएमसीवरचा (प्रोग्रॅमवर चालणाऱ्या मिलिंग मशीनवरचा) ऑपरेटर वेस्टने, म्हणजे सुती चिंध्यांनी, हात पुसत उभा असतो. मागे तीन ट्रॉल्यांत तीन पार्ट्यांचा माल आणि तोंडात रोजचा प्रश्न : "साहेब, आधी कुठला लावू?" भोसरी एमआयडीसीतल्या एका छोट्या जॉबवर्कच्या शॉपमध्ये, म्हणजे दुसऱ्यांचे सुटे भाग मशीनवर करून देणाऱ्या कारखान्यात, मी प्लॅनिंग बघतो. व्हिजिटिंग कार्डावर काहीही छापलेलं असो, दिवसभर माझं काम या एका प्रश्नाला उत्तर देत फिरणं हेच.

नवं मशीन घ्यायचं तर बँकेचे उंबरे झिजवावे लागतात. मशीनवर जॉब बसवून देणारा चांगला सेटर मिळवायचा तर शेजारच्या शॉपशी वैर घ्यावं लागतं. त्याच मशीनवर तेच जॉब वेगळ्या क्रमाने लावायला मात्र दमडी लागत नाही. तरी बहुतेक ठिकाणी हा क्रम ठरतो तो ज्याचा परचेसवाला फोनवर सगळ्यात मोठ्याने ओरडतो त्याच्या सोयीने. या क्रमामागे एक अख्खं शास्त्र आहे. त्यातलं निम्मं आपल्या कामाचं नाही, पण उरलेलं निम्मं फार कामाचं आहे.

सोपं उदाहरण घेऊ. एकच व्हीएमसी आहे आणि दोन पाळ्या मिळून १६ तास हातात आहेत. सकाळी चार जॉब समोर आहेत आणि ते आले त्या क्रमाने असे : व्हॉल्व्ह बॉडी ८ तास, फिक्स्चर प्लेट १ तास, ब्रॅकेट ३ तास, फ्लँज ४ तास. बेरीज १६. कसेही लावले तरी शेवटचा जॉब सोळाव्या तासालाच उतरणार. मग क्रमाचा एवढा बाऊ कशाला?

आले तसे लावून बघू. बॉडी ८ व्या तासाला उतरेल, प्लेट ९ व्या, ब्रॅकेट १२ व्या आणि फ्लँज १६ व्या. जॉब हातात पडायला सरासरी सव्वाअकरा तास. आता लहान काम आधी घेऊ. प्लेट १, ब्रॅकेट ४, फ्लँज ८, बॉडी १६. सरासरी सव्वासात. मशीन तेच, माणूस तोच, आणि प्रत्येक जॉबमागे सरासरी चार तास वाचले. किराणा दुकानात पुढचा गिऱ्हाईक महिन्याची यादी वाचून दाखवत असतो आणि आपल्याला फक्त काडेपेटी हवी असते, तेव्हा जे होतं तेच त्या एका तासाच्या प्लेटचं झालं होतं. सरासरी वेळ कमी करायचा असेल तर 'लहान काम आधी' याहून चांगला क्रम असूच शकत नाही, हे १९५६ मध्ये गणिताने सिद्ध झालेलं आहे.

पण पार्टीला सरासरीशी काय घेणं? तिला तिचा माल हवा असतो. समजा, ब्रॅकेटचा टेम्पो चौथ्या तासाला निघणार आहे. बॉडी १२ व्या तासापर्यंत हवी, फ्लँज १५ व्या आणि प्लेट दिवस संपेपर्यंत मिळाली तरी चालेल. लहान काम आधी घेतलं तर बॉडी चार तास उशिरा जाते. आले तसे घेतले तर ब्रॅकेट आठ तास आणि फ्लँज एक तास उशिरा. आता ज्याची तारीख आधी तो आधी, असं लावा. ब्रॅकेट ३ ऱ्या तासाला, बॉडी ११ व्या, फ्लँज १५ व्या, प्लेट १६ व्या. एकही जॉब उशिरा नाही. गंमत म्हणजे या क्रमाची सरासरी पुन्हा सव्वाअकराच येते, 'आले तसे'एवढीच. सगळ्यात जास्त रखडलेल्या जॉबचा उशीर कमीत कमी राहावा, असं ज्याला वाटतं त्याच्यासाठी तारखेचा क्रम सर्वोत्तम असतो. हा निकाल १९५५ चा, जॅक्सन नावाच्या संशोधकाचा.

म्हणजे 'कुठला क्रम चांगला' असं नुसतं विचारून भागत नाही. कशासाठी चांगला ते आधी ठरवावं लागतं. 'लहान काम आधी' ही सवय लागली की मोठा जॉब कोपऱ्यात पडून राहतो, कारण रोज कुणीतरी नवीन छोटं काम घेऊन येतंच. आमच्याकडे एका पंप केसिंगची ट्रॉली अशीच इतके दिवस पडून होती की पोरं तिच्यावर डबा ठेवून जेवायला लागली होती.

आतापर्यंत मी एक गोष्ट लपवली. एक जॉब उतरला की दुसरा लगेच चालू होतो, असं धरलं. शॉपमध्ये उभा राहिलेला माणूस यावर हसेल. वाईस काढा, फिक्स्चर चढवा, डायल लावून सरळ करा, टूल भरा, ऑफसेट घ्या, प्रोग्रॅम टाका, सिंगल ब्लॉकमध्ये, म्हणजे प्रोग्रॅमची एकेक ओळ थांबत-थांबत, जीव मुठीत धरून पहिला पीस काढा आणि तो क्यूसीकडे, म्हणजे तपासणीला, पाठवा. तिथे हाइट गेजपाशी आधीच दोघंजण नंबर लावून. 'ओके' येईपर्यंत मशीन गप्प. वीस पीसचा जॉब, सायकल टाइम चार मिनिटं, म्हणजे कटिंग ८० मिनिटांचं आणि सेटिंग दोन तासांचं! अशा ठिकाणी जॉबच्या वेळेपेक्षा दोन जॉबच्या मधली वेळ महाग पडते.

आणि ही मधली वेळ आधी काय चालू होतं त्यावर अवलंबून असते. घरात मिक्सरमध्ये आधी साखर दळून मग लसणाची चटणी केली तर भांडं नुसतं पुसून भागतं. उलट केलं तर तीनदा घासूनही पुढच्या लाडवांना लसणाचा वास. लेथवर, म्हणजे बार फिरवून कापणाऱ्या मशीनवर, ३० मिमीच्या बारनंतर पुन्हा ३० मिमीचाच बार आला तर जॉ, म्हणजे बार पकडणारे जबडे, तसेच राहतात. ॲल्युमिनियमनंतर कास्ट आयर्न घेतलं तर आधी बर (कापताना पडणारा धातूचा चुरा) साफ करावी लागते, कारण भंगारवाला मिसळलेल्या बरचा भाव पाडून देतो. म्हणून जाणता सुपरवायझर सारखे जॉब एकापाठोपाठ एक लावतो.

इथेच लोभही शिरतो. 'सेटिंग लागलंच आहे तर पुढच्या महिन्याचेही काढून घे' हे वाक्य ज्याने ऐकलं नाही त्याने शॉप पाहिलं नाही. पुढच्या महिन्याचे दोनशे पीस निघतात आणि या आठवड्याचे वीस पीस मागे बसतात. जपानचे इंजिनिअर शिगेओ शिंगो यांनी दुसरी वाट धरली. सेटिंग टाळू नका, सेटिंगच लहान करा. टोयोटातल्या १००० टनी प्रेसचं डाय बदलायला चार तास लागत, ते १९६९ मध्ये आधी दीड तासावर आणि पुढे तीन मिनिटांवर आणल्याचं त्यांनी लिहून ठेवलंय. मुख्य युक्ती साधी आहे : जे मशीन चालू असताना करता येतं ते मशीन बंद करून करायचं नाही. पुढच्या जॉबचे टूल आधीच होल्डरमध्ये बांधून ठेवायचे, ड्रॉइंग आणि गेज ट्रॉलीवर आणून ठेवायचे. आमचं तीन मिनिटांत काही होत नाही, पण एल की शोधायला जाणारी वीस मिनिटं तरी वाचली.

आता एकाऐवजी दोन मशीन घेऊ. माल आधी लेथवर टर्निंगला जातो, मग घासून नेमकं माप आणायला ग्राइंडरवर. तीन लॉट आहेत. शाफ्टला लेथवर ५ तास आणि ग्राइंडरवर २, स्पिंडलला ४ आणि ४, पिनला १ आणि ६. शाफ्ट, स्पिंडल, पिन या क्रमाने घेतले तर पहिले पाच तास ग्राइंडर नुसता बसून राहतो आणि सगळं काम १९ तासांत संपतं. उलटा क्रम लावा, म्हणजे पिन, स्पिंडल, शाफ्ट. ग्राइंडरला एका तासातच काम मिळतं आणि सगळं १३ तासांत आटोपतं. सहा तासांचा फरक! याचा नियम जॉन्सन नावाच्या अमेरिकन गणितज्ञाने १९५४ मध्ये दिला. सगळ्या आकड्यांत सर्वांत लहान आकडा शोधा. तो पहिल्या मशीनचा असेल तर तो जॉब रांगेच्या सुरुवातीला टाका, दुसऱ्या मशीनचा असेल तर शेवटी. तो जॉब खोडा आणि उरलेल्यांत पुन्हा तेच करा. वरच्या उदाहरणात पिनचा १ लेथचा, म्हणून पिन पहिली. शाफ्टचा २ ग्राइंडरचा, म्हणून शाफ्ट शेवटी. पाकिटाच्या पाठीवर होणारं गणित आहे.

तिसरं मशीन आलं की ही मजा संपते. तीन किंवा जास्त मशीनसाठी असा कायम बरोबर येणारा झटपट नियम कुणाला सापडलेला नाही, आणि हा प्रश्न गणितातल्या अतिअवघड प्रश्नांच्या वर्गात मोडतो, हे १९७६ मध्ये सिद्ध झालं. त्यात जॉबवर्कच्या शॉपमध्ये प्रत्येक जॉबची वाट वेगळी. एकाला लेथ, मग व्हीएमसी. दुसऱ्याला आधी व्हीएमसी, मग ड्रिलिंग, मग पुन्हा लेथ. एका मशीनवर १० जॉब लावायचे तरी क्रम ३६,२८,८०० होतात. १० जॉब आणि १० मशीन असतील तर ही संख्या ४ वर ६५ शून्यं एवढी होते. त्यातले कित्येक क्रम अशक्य असतात, पण ते वगळूनही जे उरतं ते मोजायला आयुष्य पुरायचं नाही. १९६३ मध्ये फिशर आणि थॉम्प्सन या दोघांनी असंच १०-१० चं कोडं छापलं. सगळे जॉब संपायला त्यात कमीत कमी ९३० एकक वेळ लागतो याची खात्री पटायला १९८९ उजाडलं, म्हणजे १० जॉबांसाठी २६ वर्षं! आज चांगल्या सॉफ्टवेअरला ते जड जात नाही. पण त्या कोड्यात ऑपरेटर सुट्टीवर जात नव्हता.

एवढं सगळं अवघड असेल तर छोट्या शॉपने करायचं काय? माझं मत असं, की सगळ्या मशीनचं गणित मांडायच्या भानगडीत पडू नये. ज्या एका मशीनसमोर माल साचतो तेवढंच बघावं.

आमच्याकडे ते मशीन म्हणजे सिलिंड्रिकल ग्राइंडर. लेथ तीन, ग्राइंडर एक, आणि तो चालवणारे मामा. व्हील जॉबला टेकल्याचा आवाज ते पाठ फिरवूनही ओळखतात. समजा, तिन्ही लेथ मिळून दिवसाला ९० शाफ्ट काढतात आणि ग्राइंडर ६०. रोज ३० शाफ्ट साचणार. पंचवीस दिवसांत ७५०. हा हिशोब कुणी कागदावर मांडला नव्हता, तो जमिनीवर मांडलेला होता : हार्डनिंगहून (तापवून कडक करून) आलेले क्रेट, एकावर एक, तेल लावून, वर गोणपाट टाकून. जुलैत तळाच्या क्रेटला गंज चढला आणि दोन पोरं दिवसभर एमरी पेपर घासत बसली. तरी लेथ जोरात चालू होते, कारण लेथ बंद दिसला की शेठच्या पोटात गोळा येतो. हप्ता भरतोय ना आपण त्याचा!

अडणाऱ्या मशीनचं हे तत्त्व एलियाहू गोल्डरॅट या इस्रायली भौतिकशास्त्रज्ञाने १९८० च्या दशकात जगभर पोचवलं. अडणाऱ्या मशीनचा एक तास गेला तर तो सगळ्या शॉपचा गेला. न अडणाऱ्या मशीनचा एक तास वाचला तर तो कुणाचाच वाचला नाही. लेथवर कितीही घाम गाळा, गेटबाहेर दिवसाला ६० च शाफ्ट जाणार.

हे पटलं की काय करायचं ते आपोआप सुचत जातं. मामांच्या जेवणाच्या सुट्टीत ग्राइंडर बंद असायचा. आता दुसरा एकजण अर्धा तास आधी जेवून येतो आणि तेवढ्यात सोपा लॉट चालवतो. शाफ्ट ग्राइंडरवर चढवायच्या आधी तपासतो, नंतर नव्हे, कारण टर्निंगमध्ये आधीच कमी उतरलेल्या शाफ्टवर मामांची मिनिटं घालवण्यात काय अर्थ? लेथला बार सोडायचा तो ग्राइंडर खाईल तेवढाच, वर दोन-तीन दिवसांचा साठा राखून. आणि 'आधी कुठला लावू' हा प्रश्न आधी ग्राइंडरसाठी सोडवायचा. बाकीच्या मशीनचा क्रम त्यावरून मागे-मागे मोजत जायचा.

क्रेटांचा ढीग कमी झाल्यावर जागा मोकळी झाली, पण खरा फायदा वेगळाच निघाला. जॉन लिटल यांनी १९६१ मध्ये सिद्ध केलेला एक सोपा नियम आहे : आत अडकलेले जॉब भागिले रोज बाहेर पडणारे जॉब, म्हणजे एका जॉबला सरासरी लागणारे दिवस. शॉपमध्ये ६० जॉब फिरत असतील आणि रोज ५ बाहेर पडत असतील, तर आज आलेला जॉब सरासरी १२ दिवसांनी सुटेल. आत ३० च ठेवले आणि रोजचे ५ सुटत राहिले तर ६ दिवसांनी. कुणीही जास्त वेगाने हात न चालवता डिलिव्हरी निम्म्या दिवसांत. मला स्वतःला हे पटायला वर्ष लागलं, कारण भरलेलं शॉप बघून माणसाला बरं वाटतं.

भरलेल्या मशीनचीही एक खोड आहे. जॉब कधीही येतात, कुणाला किती वेळ लागेल याचा भरवसा नाही, अशा एका मशीनचं रांगेचं साधं गणित आहे. मशीन ८० टक्के वेळ गुंतलेलं असेल तर नव्या जॉबला सरासरी एका जॉबच्या वेळेच्या ४ पट थांबावं लागतं. ९० टक्क्यांना ९ पट, ९५ टक्क्यांना १९ पट. जॉब सरासरी ४ तासांचा धरला तर ८० टक्क्यांना १६ तास थांबणं आणि ९५ टक्क्यांना ७६. आपल्या शॉपचे आकडे इतके काटेकोर जुळणार नाहीत, पण चढण अशीच असते. चांदणी चौकात गाड्या थोड्याच वाढतात आणि रांग एकदम कुठल्या कुठे जाते, तसं. शंभर टक्के लोड भरून वर तारीख पाळतो म्हणणाऱ्याला माझा नमस्कार.

या भरल्या ताटात मग 'अर्जंट' येतो. एकदा संध्याकाळी पाचला फोन आला की बारा पीस उद्या सकाळी नाही मिळाले तर लाइन बंद पडेल. चालू जॉबचं सेटिंग निम्म्यात तोडलं, रात्री थांबून बारा पीस काढले आणि सकाळी रिक्षाने पाठवले. तोडलेला जॉब पुन्हा लावताना डेटम (मापं जिथून मोजतात ती जागा) हलला, तीन पीस रिजेक्ट. चौथ्या दिवशी त्या पार्टीकडे दुसरं चलन घेऊन गेलो तर आमचे बारा पीस स्टोअरमध्ये न उघडलेल्या पिशवीत. छोट्या उद्योगाचे पैसे जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यावेत असा २००६ चा कायदा आहे. त्या फोनवर त्याची आठवण कुणाला होत नाही ती गोष्ट वेगळी. तेव्हापासून फोनवर मी एकच विचारतो : "लाइनवर कधी चढणार?" निम्मे अर्जंट तिथेच परवावर जातात. उरलेल्या खऱ्या अर्जंटसाठी रोज व्हीएमसीचे दोन तास मोकळे ठेवतो. एका दिवशी एकच लाल कार्ड, म्हणजे एकच अर्जंट जॉब. दुसरं हवं असेल तर पहिलं उतरवायचं आणि त्या पार्टीला आपणच फोन करायचा.

प्लॅन कशावर मांडायचा हा तुलनेने बारका प्रश्न. आडव्या पट्ट्यांचा जो तक्ता सगळीकडे दिसतो त्याला हेन्री गँट या अमेरिकन इंजिनिअरचं नाव आहे. पोलंडच्या कारोल अदामिएत्स्की यांनी तसाच तक्ता १८९६ मध्येच केला होता, पण तो पोलिश भाषेत राहिला आणि नाव दुसऱ्याचं झालं. सॉफ्टवेअर हवं तर गूगलचं ओआर-टूल्स फुकट आहे, आणि प्रोग्रॅमिंग येणारा भाचा हाताशी असेल तर जरूर करून बघा. फक्त त्यात भरायचे आकडे खरे हवेत. दोन आठवडे प्रत्येक सेटिंगची वेळ घड्याळ लावून लिहा. एस्टिमेटमधली वेळ आणि शॉपमधली वेळ सख्ख्या बहिणी नसतात, हे दुसऱ्या दिवशीच कळेल.

आम्ही मात्र पांढऱ्या बोर्डावरच आहोत. प्रत्येक मशीनला एक रांग, प्रत्येक जॉबला एक कार्ड. पहिल्या तीन कार्डांना हात लावायचा नाही. चौथ्यापासून पुढे रोज सकाळी बदल चालतो. सॉफ्टवेअरला जे सांगावं लागतं ते बोर्डाला आधीच माहीत असतं : गुरुवारी सुट्टी, हार्डनिंगवाला तीन म्हणतो आणि पाच दिवस घेतो, पालखीच्या दिवशी टेम्पो येत नाही, गणपतीत कोकणातले दोघं आठ दिवस नाहीत, आणि होळीला गावी गेलेले बिहारचे ऑपरेटर कधी परततील ते रेल्वेचं तिकीट ठरवतं.

काल दुपारी चारला दोन नंबरचा लेथ बंद होता. ऑपरेटर पाट्यावर बसून पुढच्या जॉबचे सॉफ्ट जॉ घासत होता. शेठ केबिनमधून बाहेर आले, लेथकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं.

"हा का बंद?"

"मामांपुढचे क्रेट मोजा."

त्यांनी खरंच मोजले. पाच होते. "पाच पुरे का?" म्हणाले. दोन दिवसांचे आहेत म्हटलं. मान डोलावली आणि आत गेले. आज चार वाजता पुन्हा बाहेर आले.

"हा का बंद?"